दगडातला दाब

माजलगावात कुणाला कळलं की हा तेलाच्या विहिरींवर कामाला आहे, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग आपल्याकडं लागंल का वो तेल?" मोंढ्यात भेटणारे विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले विचारतात, एकदा धरणाच्या भिंतीवर फिरायला आलेल्या एका आजोबांनी थांबवून विचारलं होतं. हा प्रश्न थट्टेचा नसतो. आमच्या तालुक्यात ज्याच्याकडं दोन एकर रान आहे, त्यानं कधी ना कधी बोअरच्या गाडीमागं उभं राहून रात्र काढलेली असते. जमिनीच्या पोटात काय आहे, हा त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

माझं उत्तर "नाही" असंच असतं. पण नुसत्या नाहीवर कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. मग बसून सांगावं लागतं.

तेल म्हणजे खाली भरलेली टाकी, नळी घातली की वर येणार, अशी बहुतेकांची समजूत असते. खाली टाकी नसते, तळंही नसतं. दगड असतो. वाळूचा दगड, चुनखडीचा दगड, क्वचित आपल्याकडचा असतो तसला काळा पाषाण. त्या दगडाच्या कणांमधल्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळ्यांत तेल आणि गॅस कोट्यवधी वर्षं अडकून असतात. माठाच्या भिंतीतून पाणी झिरपावं तसं ते दगडातून झिरपत विहिरीकडं येतं, आणि येतं ते दाबाच्या जोरावर. वरच्या थरांचं वजन, खालच्या पाण्याचा रेटा, तेलात विरघळलेला गॅस, यांनी मिळून तो दाब धरून ठेवलेला असतो. विहीर उघडली की तो खर्च व्हायला लागतो. दाब संपला की तेल जिथल्या तिथं राहतं. जगभरच्या क्षेत्रांचा हिशोब पाहिला तर दगडात असलेल्या तेलापैकी साधारण एक तृतीयांश हाती लागतं. बाकीचं मागं राहतं. माझी नोकरी या मागं राहिलेल्या तेलावर चालली आहे. आडव्या विहिरी, दगड फोडणं, पाणी भरणं, खाली आग लावणं, ही सगळी तंत्रं त्याच्यासाठीच आहेत. आणि ती शिकता शिकता मला माझ्या गावच्या बोअरबद्दल जे कळत गेलं, ते सांगायचं आहे.

भूशास्त्राचं शिक्षण मी औरंगाबादला घेतलं, पण दगड बघायची सवय त्याआधीची. सिंदफणेच्या पट्ट्यात तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या रानात बोअर घ्यायचं ठरलं तेव्हा तमिळनाडूची गाडी आली होती. तिरुचेंगोडे या गावच्या गाड्या देशभर फिरतात, आमच्याकडंही त्याच येतात. दाबाच्या हवेवर चालणारा हॅमर खालचा दगड ठोकत जातो आणि त्याच हवेबरोबर भुकटी वर उडते. गाडीवरचा पोरगा दर रॉडला मूठभर भुकटी काढून बांधावर ओळीनं ढीग लावत होता. आधी काळी माती, मग मुरूम, मग मऊ मांजऱ्या खडक, मग बराच वेळ काळा पाषाण. पहाटेच्या सुमारास एक विटकरी रंगाचा ढीग पडला. तात्यांनी तो बॅटरीच्या उजेडात चिमटीत धरून चोळला आणि म्हणाले, "गेरू लागला. आता जपून बघा, इथं पाणी असतंय." गेरू संपला आणि भुकटी ओली यायला लागली.

तात्यांना जे अनुभवानं ठाऊक होतं त्याचं कारण मला पुढं वर्गात कळलं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. दोन लोंढ्यांच्या मध्ये बराच काळ गेला तर खालच्या थराचा माथा ऊनपावसानं कुजून लाल माती व्हायची, मग वरून नवा लाव्हा येऊन ती भाजून काढायचा. तो लाल थर म्हणजे गेरू. त्याच्याखाली जो जुन्या थराचा माथा असतो, तो वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला आणि झिजलेला असतो. पाणी तिथं साठतं. बाकीचा घट्ट पाषाण पाणी धरत नाही. त्यात भेग असेल तर पाणी, नसेल तर धुरळा.

तेलाच्या रिगवर माझं पहिलं काम म्हणजे असेच ढीग लावणं. त्या माणसाला मड लॉगर म्हणतात. तिथं हवेऐवजी मड वापरतात, म्हणजे बेंटोनाइटसारखी माती आणि बराइटसारखी जड भुकटी कालवलेलं दाट द्रव. ते पाइपमधून खाली जातं, बिटच्या, म्हणजे दगड फोडणाऱ्या टोकाच्या, तोंडातून बाहेर पडतं आणि दगडाचे तुकडे घेऊन भोकाच्या कडेनं वर येतं. वर हलत्या चाळण्या असतात. चाळणीवर आत्ता पडलेला तुकडा आत्ता फोडलेल्या दगडाचा नसतो. दीड-दोन हजार मीटरवरून वर यायला त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी जास्तच. ही वेळेची फोड करता आली नाही तर सगळा हिशोब चुकतो. तुकडे आणायचे, हळूहळू धुवायचे, कारण जोरात धुतले तर मऊ शेल, म्हणजे चिखलाचा दगड, पाण्याबरोबर निघून जातो, मग ट्रेमध्ये पसरून मायक्रोस्कोपखाली घ्यायचे. रंग, कण, कडकपणा, चुना असेल तर आम्लाच्या थेंबाला फेस.

आणि मग अंधाऱ्या पेटीत अतिनील दिव्याखाली. पहिल्यांदा मी तेलाचा दगड त्या दिव्याखाली पाहिला ती रात्र मला अजून आठवते. दिवसा मळकट दिसणारे तुकडे सोनेरी पिवळे चमकत होते. पण नुसत्या चमकण्यावर भरवसा ठेवायचा नसतो. काही खनिजं चमकतात, पाइपच्या जोडांना लावलेलं ग्रीसही चमकतं. म्हणून वेगळा काढलेला एक तुकडा घेऊन त्यावर विद्रावकाचा थेंब सोडायचा. तेल खरं असेल तर तुकड्यातून उजेडाची रेघ सुटते आणि थेंबात पसरत जाते. ती रेघ लगेच सुटते की रेंगाळत, यावरून आतलं तेल किती मोकळं आहे याचा अंदाज येतो. हे काम आजही माणसाच्या डोळ्यांनीच होतं. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रांमध्ये हा ट्रे आणि हा थेंब टिकून आहे, याचा मला अभिमान वाटतो.

मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला, समुद्र पाऊणशे मीटरच्या आसपास खोल आहे अशा ठिकाणी मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. १९६०च्या दशकात रशियन आणि भारतीय तंत्रज्ञांनी 'अकादेमिक अर्खांगेल्स्की' या जहाजावरून तिथल्या थरांची पाहणी केली. फेब्रुवारी १९७४मध्ये जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' रिगला तिथं तेल लागलं, आणि मे १९७६मध्ये उत्पादन सुरू झालं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात रोज चार लाख पिंपांहून जास्त तेल तिथून निघत होतं. मी जुहूच्या हेलिपॅडवरून पहिल्यांदा तिथं गेलो तोवर तो जोर ओसरला होता. सोपं तेल काढून झालं होतं.

तिथला मुख्य थर चुनखडीचा, समुद्रतळाखाली सव्वा-दीड हजार मीटरवर. पण तो एकसंध नाही. चुनखडीचा पट्टा, मग शेलचा पातळ पापुद्रा, पुन्हा चुनखडी. वर गॅस, खाली पाणी आणि मध्ये तेल. उभी विहीर या पातळ तेलाच्या पट्ट्यातून काही मीटरच जाते. तेवढ्यातून भरपूर ओढायचं तर विहिरीतला दाब खूप खाली आणावा लागतो, आणि तसं केलं की खालचं पाणी विहिरीभोवती वर चढतं, वरचा गॅस खाली उतरतो. तेल बाजूला राहतं आणि विहिरीतून नुसतं पाणी यायला लागतं. पाण्यानं एकदा वाट धरली की ती सोडवणं फार कठीण. आमच्यात जुने लोक नव्या पोरांना पहिल्यांदा हेच बजावतात: ओढ बेताची ठेव.

म्हणून विहीर वळवायची. बऱ्याचदा जुनीच विहीर घेतात, तिच्या पोलादी केसिंगला खाली खिडकी पाडतात आणि तिथून बाजूला नवं भोक काढून थरातून शेकडो मीटर आडवं जातात. इतक्या लांबीतून तेल आत येत असलं की जोर लावावा लागत नाही. बिटच्या मागं मडच्या प्रवाहावर फिरणारी मोटर असते, तिच्या अंगाला एक-दीड अंशाचा बाक दिलेला असतो. वरून सगळा पाइप फिरवत ठेवला की भोक सरळ जातं. फिरवणं थांबवून बाक हव्या त्या दिशेला धरला की वळतं. आपण कुठं आहोत हे खालची उपकरणं सांगतात. तिथवर तार जात नाही. खाली एक झडप उघडझाप करते, मडच्या दाबात ठोके उमटतात, वरचा सेन्सर ते पकडतो आणि त्यातून कोन, दिशा, दगडाचा नैसर्गिक किरणोत्सार अशा आकड्यांचा उलगडा होतो. किरणोत्साराची रेघ वाढायला लागली की समजायचं, शेल जवळ आला. पण तो वरचा की खालचा? वर वळायचं की खाली, हे ठरवायला हातात काही मिनिटं असतात, आणि बिट पुढं जातच असते. अशा वेळी मी चाळणीवरून आलेले तुकडेच पुन्हा पुन्हा बघायचो.

सुटीत गावी आल्यावर हे तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "मग आपल्या हिरीत काय मारल्यात?" त्यांचं बरोबर होतं. आमच्या जुन्या विहिरीत चारी बाजूंनी आडवे बोअर मारलेले आहेत. विहिरीत यंत्र सोडतात, तळापासून थोडं वर, भिंतीत आडवं भोक पाडत नेतात. एखादी भेग किंवा झिजलेला पट्टा लागला की पाणी विहिरीत उतरतं. थर आडवा असेल तर त्यात आडवंच शिरलं पाहिजे, ही गोष्ट मराठवाड्यातल्या विहीरवाल्यांना कुणी शिकवावी लागली नाही. फरक एवढाच की आडवा बोअर मारण्याआधी थर कुठल्या पातळीवर आहे हे आम्ही समुद्रात मोजतो आणि गावात नारळ हातावर धरणाऱ्या पाणाड्याला विचारतो. विहीर खोदताना दगडांचा जो थर भिंतीत उघडा पडतो, तो नीट बघितला तरी निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

माझ्या मनात घर करून राहिलेली जागा मात्र बडोद्याजवळची आहे, पादरा. तिथं तेल दख्खनच्या पाषाणात आहे. पुस्तकात वाचलेलं होतं, तरी ट्रेमधले तुकडे मायक्रोस्कोपखाली घेतले आणि मी थबकलो. काळपट करडा बारीक कणांचा दगड, त्यात बुडबुड्यांच्या जागी पांढरं खनिज भरलेलं, कडेला हिरवट अस्तर. तात्यांच्या बांधावर पडलेला ढीगच तो. फक्त काही तुकड्यांच्या एका बाजूला, जिथून ते जुन्या भेगेवर फुटले होते तिथं, तपकिरी डाग होता. दिव्याखाली तो डाग पेटला. ज्या दगडाला आम्ही पिढ्यान्पिढ्या कपाळ बडवून पाणी मागितलं, त्याच्या भेगेत तेल बसलेलं मी डोळ्यांनी बघत होतो. शेजारी काम करणारा गुजराती सहकारी काहीतरी विचारत होता, त्याला उत्तर द्यायला मला वेळ लागला.

तेल तिथं आलं कसं, यातच माजलगावच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पाषाण स्वतः तेल बनवत नाही. खंबातच्या खोऱ्यात लाव्हा थंड झाल्यावर जमीन खचत गेली, त्यावर समुद्राचा काळा चिखल साचला. त्या चिखलात सूक्ष्म जीवांचे अवशेष होते. तो खोल दबला, तापला आणि त्यातून तेल सुटलं. मग ते सरकत सरकत शेजारच्या उंचवट्यावरच्या पाषाणाच्या भेगांत जाऊन बसलं. म्हणजे दगड जुना, तेल नवं. आमच्याकडं पाषाणावर असा चिखल कधी साचलाच नाही. वर आहे ती काळी माती आणि गोदावरी-सिंदफणेचा गाळ. आणि खाली? १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथं शास्त्रज्ञांनी खोल भोक घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर पाषाण संपला, त्याखाली जेमतेम काही मीटर गाळ लागला आणि मग थेट जुना, कठीण, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. तेल व्हायला लागतो तो जाड थर तिथं नव्हता. पाषाणाखालचं बघणं एरवीही अवघड असतं, कारण जमिनीत सोडलेल्या कंपनलहरी या थरांमध्ये आपटून विखुरतात आणि खालचं चित्र धूसर येतं. तरी माजलगावच्या माणसाला तेलाची आशा दाखवणं मला पटत नाही.

राजस्थानातल्या बाडमेरला गेलो तेव्हा पुन्हा ज्वालामुखीचाच दगड पुढं आला. रागेश्वरीच्या खोल गॅसक्षेत्रात सुमारे तीन हजार मीटरवर ज्वालामुखी खडकात गॅस आहे, पण तो दगड इतका घट्ट की गॅस आपणहून बाहेर येणं जवळजवळ अशक्य. तिथं दगड फोडावा लागतो. याची व्यावसायिक सुरुवात अमेरिकेत १९४९मध्ये झाली, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीला टेक्सासमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीनं शेलमधून गॅस काढण्यासाठी ही रीत स्वस्तात बसवून दाखवल्यावर जगाचा तेलबाजार बदलला.

फोडण्याच्या दिवशी विहिरीभोवती पंपांचे ट्रक रांगेनं लागतात. पाण्यात गवारीच्या बियांचा डिंक मिसळतात. आपण ज्या गवारीची भाजी खातो तिच्याच कुळातली, राजस्थानात दाण्यासाठी पिकवलेली. बोरॉनचं संयुग घातलं की हे पाणी इतकं घट्ट होतं की हातात घेतलं तर लोंबतं. सगळे कंट्रोल व्हॅनमध्ये एका रेघेकडं बघत असतात. दाब चढत जातो, चढत जातो, आणि एका क्षणी झपकन खाली येतो. तिकडं तीन किलोमीटर खाली दगड फुटलेला असतो. मग सिरॅमिकचे बारीक, गोल दाणे त्या जेलमध्ये मिसळून आत पाठवायचे, म्हणजे पंप बंद झाल्यावर भेग मिटायला बघते तेव्हा हे दाणे तिला उघडी धरतात. शेवटी जेल पातळ करणारं रसायन आपलं काम करतं, पाणी परत येतं आणि मागून गॅस. २०१२मध्ये अमेरिकेत हे काम इतकं वाढलं होतं की गवारगमचे भाव आकाशाला भिडले आणि आपल्याकडं त्याचे वायदे बंद करावे लागले. जोधपूर-बाडमेरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या वर्षी चार पैसे दिसले, ही गोष्ट तिथले लोक अजून सांगतात.

दगड फोडण्याबद्दल लोकांच्या मनात भीती आहे आणि ती निराधार नाही. फ्रान्सनं २०११मध्ये यावर बंदी घातली, इंग्लंडनं २०१९मध्ये काम थांबवलं. ओक्लाहोमात खाराट सांडपाणी खोल विहिरींत जिरवल्यामुळं भूकंप वाढले. २०१६मध्ये पॉनी गावाजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. माझं मत असं की तीन किलोमीटर खालची भेग वरच्या पाण्यापर्यंत पोचण्याची शक्यता फार कमी, पण केसिंगभोवतीचं सिमेंट कच्चं राहिलं किंवा परत आलेलं पाणी नीट हाताळलं नाही, तर नुकसान नक्की होतं. आणि जिथं प्यायला पाणी नाही तिथं हे काम करताना पाणी कुठून आणलं, हे विचारायचा गावाला पूर्ण हक्क आहे.

हीच रीत लहान प्रमाणात आमच्याकडं पाण्यासाठी वापरतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हातपंपांच्या बोअरमध्ये जलभंजन करते. बोअरचा एक भाग वरून बुच लावून बंद करायचा, खाली पाणी दाबानं सोडायचं, पाषाणातल्या बारीक भेगांतली माती निघून जाते, भेगा एकमेकींना जोडल्या जातात आणि आटलेला बोअर पुन्हा पाणी द्यायला लागतो. इथं दाणे लागत नाहीत, रसायन लागत नाही. हातपंपाचंही तसंच. जालन्याच्या मिशनमध्ये तयार झालेला 'जालना पंप' आणि त्यापाठोपाठचा 'सोलापूर पंप', यांच्या पायावर पुढं देशभर गेलेला इंडिया मार्क टू उभा राहिला. कठीण दगडातून पाणी काढण्याचं पुष्कळसं शहाणपण आमच्या दाराशी घडलं आहे.

बाकीची तंत्रं भराभर सांगतो. मेहसाण्याजवळ बलोल आणि संथाळ इथं तेल इतकं जड आहे की ते सहजासहजी वाहत नाही. तिथं हवा आत सोडून दगडातलंच थोडं तेल पेटवतात, त्या उष्णतेनं पुढचं तेल पातळ होऊन विहिरीकडं सरकतं. बाडमेरच्या मंगला क्षेत्रातलं तेल मेणाचं, थंडीत गोठणारं. म्हणून तिथून गुजरातकडं जाणारी पाइपलाइन सगळी वाट गरम ठेवावी लागते, आणि दगडातलं तेल पुढं ढकलायला पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट करून आत सोडतात.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते यांतल्या कशानंही नाही. ते शिकवलं साध्या पाण्यानं. मुंबई हायमध्ये १९८४पासून समुद्राचं पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून, दगडात परत भरलं जातं. जेवढं बाहेर काढलं त्याची जागा भरली पाहिजे, नाहीतर दाब बसतो. रोज किती तेल, किती गॅस, किती पाणी निघालं आणि किती पाणी आत गेलं, याची विहीरनिहाय नोंद असते. एका विहिरीची ओढ शेजारच्या विहिरीवर पडते का, हे तपासत राहतात. विहीर कितीही चांगली असली तरी तिला मोकाट सोडत नाहीत, कारण सगळ्यांचा दगड एकच आहे, हे प्रत्येकाला मान्य असतं.

आणि गावी आलं की उलटं दिसतं. ऊस आहे, कारखान्याची वाट आहे, कालव्याचं पाणी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. एकाचा बोअर चारशे फुटांवर आटला की तो सातशेवर जातो, मग शेजारचा हजाराचा विचार करतो. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालण्याची तरतूद आहे. सातशे फूट म्हणजे दोनशे मीटरच्या वर. खोल गेल्यानं नवं पाणी तयार होत नाही. वरच्या गेरूखाली जे पाणी होतं ते एखाद्या उभ्या भेगेतून खालच्या पोकळीत उतरतं, आणि शंभर फुटांवर समाधानानं चाललेली शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेलाच्या क्षेत्रात असं झालं असतं तर सगळ्या नोंदी काढून बसावं लागलं असतं. आमच्याकडं काढायला नोंदीच नाहीत. ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

म्हणून सुटीवर आलो की मी वही घेऊन रानोमाळ फिरतो. बोअर कधी घेतला, किती फुटांवर मुरूम संपला, गेरू कुठं लागला, पहिलं पाणी कुठं, केसिंग किती, मोटर किती फुटांवर, कोणत्या महिन्यात दम तोडते. बहुतेकांना हे तोंडपाठ असतं, कारण प्रत्येक फुटाचे पैसे मोजलेले असतात. पहिल्यांदा लोक बिचकतात. सरकारी नोंद आहे का, लाइट तोडतील का, असं विचारतात. मी वही पुढं करतो, त्यात तात्यांचा बोअर पहिला लिहिलेला आहे. मग बोलतात. एका म्हाताऱ्या काकूंनी तर १९७२च्या दुष्काळात खोदलेल्या विहिरीचा थर न् थर हातानं दाखवत सांगितला.

वहीतून एक गोष्ट निघाली. आमच्या शिवारातले बरेच बोअर एकाच गेरूवर बसलेले आहेत. उंची धरून आकडे मांडले तर तो थर जवळजवळ सपाट जाताना दिसतो. तात्यांची मोटर चालू असताना पलीकडच्या बांधावरच्या, त्यांच्या भावाच्या बोअरमध्ये सुतळीला वजन बांधून मी पातळी मोजली, ती उतरताना दिसली. दोघं भाऊ शेजारी उभे होते. इतकी वर्षं एकमेकांच्या मोटरीला नावं ठेवणारे ते दोघं सुतळीवरची ओली खूण बघत राहिले. तेव्हापासून निदान दोघांच्या मोटरी एकाच वेळी चालत नाहीत.

आता नवा बोअर घेण्याऐवजी जुन्या विहिरीत ओढ्याचं पाणी वळवायचं, असं ठरलं आहे. थेट नाही. पावसाचं पहिलं पाणी सोडून द्यायचं, मग खड्ड्यात मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू, आणि त्यातून गाळून येईल तेच विहिरीत जाऊ द्यायचं. फवारणीच्या रानातलं पाणी बोअरमध्ये थेट सोडायचं नाही, हे मी हात जोडून सांगितलं आहे. दगडात गेलेलं विष काढायचं तंत्र अजून तरी माझ्या पाहण्यात नाही. तात्यांचं म्हणणं खड्डा वरच्या बांधाला हवा, त्यांच्या भावाचं म्हणणं खालच्या, कारण गाळ काढायला ट्रॅक्टर तिथवर जातो. मी दोन्ही जागांचे उतार मोजून दिले आहेत. जेसीबीवाल्यानं पुढच्या आठवड्यातला दिवस मागितला आहे, तोवर दोघांनी मिळून जागा पक्की करायची आहे.